निरंक

विम्याच्या प्रपोजल फॉर्मवर एक रकाना असतो. ‘मागील पाच वर्षांत झालेले अपघात व दावे, तपशिलासह.’ सलग सहा वर्षं मी त्या रकान्यात एकच शब्द लिहिला : निरंक.

शब्द मला आवडायचाही. शून्य म्हटलं की निदान कुणीतरी मोजून पाहिलंय असं वाटतं. निरंक म्हटलं की मोजण्यासारखं काही नव्हतंच. पेन कुठे अडखळत नाही, खाली सही केली की वर्षभराची कटकट मिटली.

माझा व्यवसाय साफसफाईचा. कचेऱ्या, दवाखाने, काही मोठ्या इमारतींचे जिने आणि लॉबी. बाकीचे लोक घरी निघाले की आमचा दिवस सुरू होतो. सुरुवातीला आम्ही पाच जणी होतो, आता चौतीस माणसं आहेत. मालकीचं म्हणाल तर ट्रॉल्या, मॉप, फरशी घासायची दोन मशीन, शिड्या आणि एक टेम्पो. कामाची जागा मात्र एकही आमची नाही. कारखानदाराला आपलं छप्पर कुठे गळतं आणि कुठल्या बटणाला झटका बसतो ते माहीत असतं. आम्ही रोज परक्याच्या फरशीवर पाणी ओततो, परक्याच्या सॉकेटमध्ये मशीनची पिन खुपसतो, आणि त्या ओल्या फरशीवरून पुढच्या दहा मिनिटांत कोण चालत जाणार आहे याचा आम्हाला पत्ता नसतो. सेवा देणाऱ्या कुठल्याही धंद्याचं दुखणं हेच. धोका दुसऱ्याच्या घरात आणि जबाबदारी आपल्या गळ्यात.

सातव्या वर्षी आमची एक सहकारी शिडीवरून पडली.

फार उंचावरून नाही. घडीची शिडी, खालून तिसरी पायरी. एका कचेरीत काचेच्या पार्टिशनची वरची कड पुसत होती. मी पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, डावं मनगट उजव्या हातात धरून, आणि मला बघितल्यावर पहिलं वाक्य म्हणाली, “ताई, काच फुटली नाही ना?” काच शाबूत होती. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

दवाखान्यातून परत येऊन मी ती शिडी बघितली. चार पायांपैकी एका पायाचा रबरी बूट नव्हता. त्या पायाखाली घालायला फडक्याची चौपदरी घडी केलेली होती आणि ती घडी हरवू नये म्हणून सुतळीने शिडीलाच बांधून ठेवली होती. सुतळीची गाठ काळी पडली होती. गाठ इतकी मळायला किती महिने लागतात, याचा हिशेब मी तिथे उभ्या उभ्याच केला. म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येक जण शिडी उघडायचा, घडी पायाखाली सरकवायचा, काम करायचा, घडी परत लटकवायचा. फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं.

का सांगितलं नाही, हे विचारल्यावर बराच वेळ कुणी बोलेना. मग एक जण म्हणाला, “बक्षीस गेलं असतं ना.”

हे बक्षीस माझीच अक्कल. ज्या टीमचा महिना अपघाताविना जाईल तिला महिनाअखेरीला थोडे पैसे जास्त. मला वाटायचं की यामुळे लोक जपून काम करतील. लोकांनी जपलं काय असेल तर गुपित. कापलेलं बोट खिशात, पाठीत भरलेली उसण पट्ट्याखाली, तुटक्या शिडीला फडकं. एकानं तक्रार केली की आठ जणांचे पैसे बुडणार, मग कोण तोंड उघडेल? माझा निरंक हा मी विकत घेतलेला निरंक होता.

विमा या धंद्यात साधारण तीन दिशांना तोंड करून उभा असतो आणि मला त्या दिशा क्लेमचा फॉर्म भरताना पहिल्यांदा नीट कळल्या. आपल्याच माणसाला काम करताना लागलं, तर त्याच्या भरपाईची पॉलिसी वेगळी. आपल्या कामामुळे बाहेरच्या कुणाला लागलं किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर तिसऱ्या व्यक्तीच्या दायित्वाची पॉलिसी वेगळी. आणि सल्ला, हिशेब, आराखडा असलं डोक्याचं काम चुकलं, तर त्यासाठी तिसरीच. ती आमच्यासारख्यांना फारशी लागत नाही. बहुतेक धंद्यांत दुसरी पॉलिसी आधी घेतली जाते, कारण करार करताना ग्राहक तिचा दाखला मागतो. पहिली जिथे कायद्यानं सक्तीची असते तिथे कायद्यासाठी घेतली जाते. आपल्या माणसाचं मनगट डोळ्यांसमोर ठेवून पॉलिसी घेणारा मालक मी अजून पाहिलेला नाही. मीही त्यातली नव्हते.

पण मनगटाचा विचार करायला जगालाही वेळच लागला. इंग्लंडमध्ये १८३७ साली प्रीस्टली विरुद्ध फाउलर असा एक खटला झाला. प्रीस्टली हा एका खाटकाचा नोकर. माल लादलेली गाडी वाटेत मोडली आणि त्याची मांडी मोडली. गाडीत प्रमाणाबाहेर ओझं भरलं होतं, असं त्याचं म्हणणं. ज्यूरीनं त्याला १०० पौंड भरपाई दिली. वरच्या कोर्टात न्यायाधीश लॉर्ड अॅबिंजर यांनी ती रद्द केली. त्यांचं कारण वाचण्यासारखं आहे. नोकराला अशी भरपाई द्यायची म्हटली तर उद्या मोलकरणीनं ओलसर अंथरूण घातलं म्हणूनही मालकाला नोकराचे पैसे भरावे लागतील, असं ते म्हणाले. म्हणजे आपण कुठल्या थराला जाऊ, बघा! मी तो ओलसर अंथरुणाचा दाखला वाचून आधी हसले आणि मग गप्प झाले. दीडशेहून जास्त वर्षांनी आम्ही नेमक्या त्याच गोष्टीवर जगतो आहोत : कुणीतरी ओलं ठेवलेलं काहीतरी.

त्या निकालातून पुढे असा नियम रुजला की सोबतच्या नोकराच्या चुकीनं तुम्हाला लागलं तर मालकाकडे मागणं नाही. नोकरी धरलीत तेव्हाच तो धोका पत्करलात. ब्रिटनमध्ये हा नियम पुरता मोडीत निघायला १९४८ उजाडलं. मधल्या काळात वाट दुसरीकडून फुटली. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८४ साली, कामावरच्या अपघातांच्या विम्याचा कायदा झाला. पैसे मालकांनी मिळून भरायचे, भरपाई कामगाराला, आणि चूक कुणाची हा प्रश्न विचारायचाच नाही. त्या बदल्यात कामगारानं मालकाला कोर्टात खेचायचं नाही. ब्रिटननं १८९७ मध्ये भरपाईचा कायदा केला, पण तो रेल्वे, कारखाने, खाणी अशा ठरावीक कामांपुरता. घरकाम करणारे त्यात आले ते १९०६ च्या कायद्यानं. धूर निघतो तिथे धोका असतो, झाडूच्या टोकाला काय असणार, असंच तेव्हा वाटत असावं. अजूनही वाटतं. मला माझ्या कामाबद्दल विचारणारे लोक “त्यात काय रिस्क?” असंच विचारतात.

त्यात काय रिस्क, ते सांगते. टॉयलेट साफ करायचं आम्लाचं द्रावण आणि ब्लीच एकाच बादलीत गेलं तर क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिलमध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्यानं नळकांड्यांतून सोडला होता तोच. कुणी मुद्दाम करत नाही. एक बाटली पहिल्या पाळीनं ओतलेली असते, दुसरी दुसऱ्या पाळीनं, आणि बाथरूमला खिडकी नसते. आमच्याकडे असं एकदा झालं होतं. मुलगा खोकत बाहेर आला, तोंड धुतलं, तासाभरानं बरा झाला. “थोडक्यात निभावलं,” असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. त्या वर्षीही फॉर्मवर निरंक.

मराठीत हे वाक्य फार सोयीचं आहे. थोडक्यात निभावलं म्हटलं की देवाचे आभार मानायचे आणि पुढे जायचं. खरं तर प्रकरण तिथे सुरू व्हायला हवं.

हर्बर्ट विल्यम हाइनरिख नावाचा एक माणूस अमेरिकेत एका विमा कंपनीत नोकरीला होता. अपघातांचे कागद चाळता चाळता त्यानं १९३१ मध्ये एक पुस्तक लिहिलं आणि त्यात एक त्रिकोण मांडला. एका गंभीर दुखापतीमागे तशाच प्रकारच्या २९ किरकोळ दुखापती आणि ३०० निभावलेल्या घटना असतात, असं त्याचं म्हणणं. हे आकडे पुढे सुरक्षेच्या प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहिले गेले. त्यांच्यावर टीकाही बरीच झाली, कारण त्यानं ज्या नोंदींवरून ते काढले त्या नंतरच्या कुणाला तपासायला मिळाल्या नाहीत. मला त्याचे आकडे पटले नाहीत तरी चालतील, पण निभावलेल्या घटना मोजायच्या असतात ही कल्पना डोक्यात बसली. त्याच पुस्तकात तो असंही म्हणतो की ८८ टक्के अपघात माणसाच्या चुकीच्या वागण्यामुळे होतात. हा आकडा मालकांना फार आवडला. आवडणारच. मलाही क्लेमच्या फॉर्मवर ‘अपघाताचं कारण’ या रकान्यात ‘शिडीचा निष्काळजी वापर’ असं लिहायचा मोह झाला होता. लिहिलंही होतं, पेन्सिलीनं. मग ती सुतळीची गाठ आठवली.

बाहेरच्या माणसाला लागतं तेव्हा गोष्ट आणखी अवघड होते. काम संपवताना एका लॉबीत एक वयस्कर बाई घसरल्या. पिवळा बोर्ड लावलेला होता, पण लिफ्टच्या दाराकडून येणाऱ्याला तो दिसत नव्हता. आमचा मुलगा धावत गेला, त्यांना धरून उठवलं आणि म्हणाला, “माफ करा आजी, चूक आमची झाली.” चांगल्या घरचं कुठलंही पोर हेच म्हणेल. पण दायित्वाच्या पॉलिसीत बहुधा एक अट असते की विमा कंपनीच्या संमतीशिवाय विमाधारकानं जबाबदारी कबूल करायची नाही, भरपाईचा शब्द द्यायचा नाही. आमची पॉलिसी काढून देणाऱ्या विमा ब्रोकरनं मला फोनवर ते वाक्य वाचून दाखवलं. मला त्याचा राग आला. पडलेल्या म्हातारीसमोर तोंड मिटून उभं राहायचं, असा त्याचा अर्थ मी घेतला.

आता राग तेवढा राहिलेला नाही. पैसे कंपनी भरणार असेल तर चूक कुणाची ते ठरवण्यात तिला जागा हवी, हे समजतं. आणि दिलगिरी वेगळी, कबुली वेगळी. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर २००६ च्या एका कायद्यात लिहूनच ठेवलंय की नुसती माफी मागणं किंवा मदत देऊ करणं म्हणजे निष्काळजीपणाची कबुली होत नाही. सगळीकडे असा कायदा नाही. म्हणून आम्ही आमच्या माणसांना एवढंच शिकवतो : आधी माणसाला बघा. बसवा, पाणी द्या, घरी फोन लावून द्या. फार लागलं का, वाईट वाटलं, हे मनापासून म्हणा. चूक कुणाची यावर तिथे बोलू नका, आणि त्याच रात्री मला कळवा. मला कळवा यावर जोर, कारण घटना घडल्यावर विमा कंपनीला लगेच कळवायचं असतं. तीन महिन्यांनी वकिलाची नोटीस आल्यावर जागं होणाऱ्याचा क्लेम उशिराच्या मुद्द्यावर अडकतो.

त्या बाईंना सुदैवानं फक्त मुका मार लागला. लॉबीत मात्र आम्ही बदल केला. आता अर्धीच रुंदी ओली करायची, ती वाळली की दुसरी अर्धी, आणि बादलीतून पाणी न ओतता ओलसर सपाट मॉप. बोर्ड राहिला, पण बोर्ड वाचून चालणारी माणसं मी तरी कमी पाहिली आहेत.

संगमरवराची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथे मला पैशांचा फटका बसला. एका इमारतीच्या प्रवेशाशी पाण्याचे जुने पांढरे डाग होते. आमच्या नव्या माणसानं डाग निघावेत म्हणून टॉयलेटचं आम्लाचं द्रावण ओतलं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की बुडबुडे येतात आणि दगडच खाल्ला जातो. बुडबुडे बघून त्याला वाटलं, मळ निघतोय. आणखी ओतलं. सकाळी फरशीवर भल्या मोठ्या टेबलाएवढा निस्तेज, खरबरीत डाग. मी निर्धास्त होते. दायित्वाचा विमा आहे, ग्राहकाच्या मालमत्तेचं नुकसान झालंय, याहून सरळ क्लेम कुठला? उत्तर आलं की ज्या वस्तूवर तुम्ही प्रत्यक्ष काम करत होता तिचं नुकसान या पॉलिसीत बसत नाही. द्रावण सांडून शेजारचा गालिचा खराब झाला असता तर कदाचित बसलं असतं. जी फरशी साफ करायला घेतली तीच बिघडवली, तर तो तुमच्या कामाचा दर्जा झाला, आणि कामाच्या दर्जाचा विमा आम्ही उतरवलेला नाही.

पॉलिसीच्या अपवादांची पानं मी त्या रात्री पहिल्यांदा वाचली. तुमच्या ताब्यात दिलेल्या वस्तू. ज्यावर काम चालू आहे ती वस्तू. करारात तुम्ही होऊन अंगावर घेतलेली, कायद्यानं एरवी तुमच्यावर आली नसती अशी जबाबदारी. हे शेवटचं वाचून घाम फुटला, कारण मोठे ग्राहक करारात हमखास एक कलम घालतात की आवारात काहीही झालं तरी भार आमच्यावर. विमा आहे या भरवशावर मी त्या कलमाखाली डोळे मिटून सही करत आले होते. आता करार आधी ब्रोकरकडे जातो, मग माझ्याकडे. काही नुकसानं वेगळा हप्ता भरून पॉलिसीत घेता येतात, पण ती मागावी लागतात. आणि मागायला आधी ती सुचावी लागतात.

बदली माणसांचंही तसंच. एखादी आजारी पडली की ती आपल्या बहिणीला पाठवते. काम अडत नाही, सगळे खूश. पण कामगारांच्या भरपाईचा हप्ता साधारणपणे पगाराच्या रकमेवर आणि कामाच्या प्रकारावर ठरतो. टेबलाशी बसणाऱ्याचा दर वेगळा, उंचीवर काच पुसणाऱ्याचा वेगळा. त्या बहिणीचं नाव ना पगारपत्रकात, ना तिला कुणी बाटल्यांचे रंग शिकवलेले. ती पडली तर भांडण दोन्हीकडून. आता बदली यादीतूनच जाते. यावरून बायकांची नाराजी अजून आहे आणि ती मला कळते.

शिडीचं काय केलं, ते राहिलं. आधी अर्थातच नवे बूट आणले. मग एका सुरक्षा सल्लागारानं विचारलं की शिडी लागतेच कशाला? त्या मंडळींची एक उतरंड असते. धोका काढूनच टाकता येईल का, ते आधी बघायचं. नाही जमलं तर कमी धोक्याचं काही वापरायचं, मग आड येणारी काही सोय करायची, मग नियम आणि शिकवणी, आणि सगळ्यात शेवटी हातमोजे-हेल्मेट. आम्ही सगळे उलट्या टोकाकडून सुरू करतो, कारण हातमोजे स्वस्त. आता पार्टिशनची वरची कड लांब दांड्याच्या वायपरनं पुसली जाते, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. ब्लीच आणि आम्ल यांतली एक बाटली ट्रॉलीवरून कायमची गेली. बक्षीसही बंद केलं. त्याऐवजी एक वही ठेवली, निभावलेल्या गोष्टींची. पहिले दोन महिने वही कोरी. मग मी स्वतःचीच एक नोंद केली, टेम्पोचं मागचं दार नीट न लावता निघाले होते त्याची. त्यानंतर हळूहळू अक्षरं दिसू लागली.

या वर्षी फॉर्म भरताना तो रकाना पुरला नाही, जोडपत्र लावलं. ब्रोकरचा लगेच फोन. “अहो मॅडम, क्लेम झालेत तेवढेच लिहा. हे निभावलेलं-बिभावलेलं कशाला? हप्ता वाढवून बसाल.”

त्याचं चुकीचं नव्हतं. पण विम्याच्या व्यवहाराचा पायाच असा की जे एका बाजूला माहीत आहे ते तिनं दुसरीला सांगायचं. १७६६ साली इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सुमात्रामधल्या एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात हे तत्त्व मांडलं. विमा काढला होता तिथल्या गव्हर्नरानं. किल्ला फ्रेंचांनी घेतला आणि विमा उतरवणारा म्हणाला की गव्हर्नरानं किल्ल्याचा कमकुवतपणा लपवला. गंमत म्हणजे तत्त्व सांगून निकाल गव्हर्नराच्या बाजूनं लागला. विमा उतरवणाऱ्याला जे ठाऊक असायला हवं होतं त्याबद्दल त्यानं रडायचं नाही, असं मॅन्सफिल्ड यांचं म्हणणं. मी ब्रोकरला किल्ला सांगत बसले नाही. एवढंच म्हटलं, “विचारलंय अपघातांबद्दल. गेल्या सहा वर्षांत मी खोटं लिहिलं असं मला म्हणायचं नाही, पण मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.”

हप्ता थोडा वाढला.

जिचं मनगट मोडलं होतं ती आता सुपरवायझर आहे. हात पूर्ण वळत नाही, पिळा मारायचं काम तिला जमत नाही. वही तिच्याकडे असते. मागच्या आठवड्यातली नोंद तिच्या अक्षरात आहे : ‘तिसरा मजला, कॉपी मशीनच्या मागे. वायर उघडी. मॉप लागता लागता राहिला. कुणाला काही झालं नाही. मेन स्विच पाडला, चिठ्ठी लावली. त्यांच्या वॉचमनला सांगितलं तर तो म्हणाला, ते नेहमीचंच आहे.’